न रडणारे पाळणे

बाई, परळची ती चाळ आता पाडायला घेतली आहे. तुम्हाला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. तुमच्यापाशी बोलायचं एक मात्र राहूनच गेलं.

नशापाण्याची पाहणी करत आपण दोघी दारोदार हिंडायचो ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. भिंतींवर डांबरानं लिहिलेल्या घोषणा, आणि आपल्याला सरकारची माणसं समजून लोक दारं लावून घ्यायचे. आधी मुंबई देता का ते बोला, मग आमची दारू मोजा, असं एका म्हाताऱ्यानं सुनावलं होतं. मला हसू फुटलं. तुम्ही त्याच्याच उंबऱ्यावर बसून पाणी मागितलंत. दारू-गांजा लोक लपवत. अफू मात्र कुणी नशेत धरतच नसे, म्हणून विचारलं तरी सांगत नसे, कारण ती तान्ह्यांना द्यायची असे. गिरणीच्या पाळीवर जाताना आया मुलांना दुधात उगाळून अफूची बाळगोळी चाटवत, की दिवसभर घोर नाही. म्हणून तुम्ही मला विचारण्याऐवजी ऐकायला शिकवलंत. "भरदुपारी ज्या पाळण्यातलं मूल रडत नाही, तिथं खूण कर." एकदा खोलीत न डोकावताच मी अंदाजानं खूण केली, तर जिन्यावर सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढलीत. तुमचा राग मला आवडायचा. घरी माझ्यावर इतक्या मनापासून कुणी रागावत नसे.

मग आमच्या खोलीची पाळी येते. वहिनी गिरणीत गेलेली, तिची सात महिन्यांची पोर पाळण्यात. तुम्ही वाकून तिच्या तळपायाला बोट लावता. ती हलत नाही. "ताप आहे, आत्ताच डोळा लागलाय," मी म्हणते. तुम्ही माझ्याकडे बघता आणि कागद पुढे करता. "तुझं घर तूच लिही." मी खूण करत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पदरच्या पैशानं तापाचं औषध घेऊन आलात.

पोर महिन्याभरात गेली. तापानंच गेली, असं सगळे म्हणाले. तुम्ही माझा हात धरून बसलात आणि मी तो धरू दिला, याची मला अजून किळस येते.

तुमचं ऐकून वहिनीनं गोळी कधीच बंद केली होती. पोर माझ्या भरवशावर टाकून ती जायची. शेजारची आजी झोपलेल्या मुलावर नुसती नजर ठेवायला तयार होती, रडणाऱ्यावर नाही. तुमच्याबरोबर वेळेवर निघता यावं म्हणून गोळी मी उगाळायचे, बाई.