फाट्यावर भोंगा वाजवू नका

रहिमतपूर,
ता. १० नोव्हेंबर १९७५

श्री. सयाजीराव यांस,

विजयमालाचा नमस्कार. 'सप्रेम' लिहायचं राहिलेलं न्हाई, गाळलंय. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी शाईनं लिहिलं. बघू काय आभाळ कोसळतंय.

तुमचं पाकीट पोचलं. एवढ्या वर्षांत पहिलं पत्र, आन त्यात नकाशा! मिलिटरीतनं पेन्शनीवर आलात, लिलावातला जुना ट्रक घेतलात, सांगलीत त्याच्यावर लाकडी खोली बांधून घेतलीत, हे मला एसटीच्या कंडक्टरकडनं आधीच कळलं व्हतं. "ताई, तुमच्या मालकांनी चाकांवर घर बांधलंय," म्हणाला. मी म्हटलं, जमिनीवरचं सांभाळता आलं न्हाई, तवा चाकं लावली. बरं झालं.

इकडं सगळी खुशाल हाईत. सगळी म्हणजे कोण कोण, ते तुमी विचारलं न्हाई, म्हणून मी सांगत न्हाई.

नकाशा मी नीट बघितला. कवठे महांकाळहून निघायचं, सांगली, कराड, पुणं, नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. पुढं रामनगर, तिथलं वाघा-हत्तीचं नॅशनल पार्क, आन मग चढ लागतो तो थेट रानीखेतपर्यंत, तुमच्या जुन्या छावणीच्या डोंगरात. डिझेल कुठं घ्यायचं, टाकीत पाणी कुठं भरायचं, कुठल्या चढाला इंजिन थंड करायला थांबायचं, सगळं लाल पेन्सिलीनं लिहिलंय. पार्कात हत्ती आडवा आला तर इंजिन बंद करून गप बसायचं, हेबी लिहिलंय. गप बसायचं तुमाला जमंल. सराव दांडगा हाय.

आन मी गाडीत बसायचं कुठं? "कोरेगावच्या फाट्यावर थांबतो, भोंगा वाजवतो, पिशवी घेऊन ये." वा रं वा! मी काय उसाची मोळी हाय, फाट्यावर पडलेली, येईल त्या गाडीनं उचलायची? माहेरी बसलेल्या बाईला न्यायला दारात यावं लागतं. उंबऱ्यापाशी पाय धुवावं लागतात, सासऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. त्याचंच भ्या वाटतंय ना? आबांना मी पत्र वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "त्याला लिव, डोंगर काय पळून जात न्हाईत. आदी माणसात ये म्हणावं."

डोंगर मला बघायचं व्हतं. खोटं कशाला बोलू? लग्नाच्या पहिल्या वर्षी रजेवर आलात तवा तुमी सांगायचात, पहाटे बर्फावर ऊन पडलं की सगळा डोंगर हळदीनं माखल्यागत दिसतो. मी तोवर औंधच्या यमाईच्या डोंगरापलीकडं काय बघितलं न्हवतं. आजबी बघावं वाटतं. त्याचाच तर राग येतो, माझा मलाच.

पण तुमच्या त्या खोलीत स्टोव्ह एक, पाण्याचं पिंप एक, आन खाटा दोन. एवढ्या मुक्कामांत दूध कुठं मिळंल त्याचा पत्ता न्हाई. बरं, आता लिहितेच. माझी लेक चार वर्षांची झाली. तुमचीबी हाय, पण तुमच्या ध्यानात नसंल.

ती झाली तवा आबांनी तार केली व्हती. तुमी निरोप धाडलात, "पुढच्या खेपेला बघू." लेक म्हणजे काय एसटी हाय व्हय, ही सुटली तर पुढची? मग रजेवर आलात ते साताऱ्यावरनं परस्पर कवठ्याला गेलात. बारशाला नाव आत्यानं कानात सांगायचं असतं, म्हणून तुमच्या बहिणीला, बयाबाईंना, सांगाव्यावर सांगावा धाडला. बायका जमल्या, पाळणा सजला, आत्याच्या पाठीत गुद्दे घालायला पोरी बाह्या सरसावून बसल्या. बयाबाई आल्याच न्हाईत. दिवेलागणीला बायका घुगऱ्या घेऊन आपापल्या घरी गेल्या. जाताना कुणी काय बोललं न्हाई, तेच लय लागलं.

आई म्हणाली, "आत्याबिगर नाव ठिवायचं न्हाई. बापाच्या घरचा मान हाय त्यो. येतील कवातरी." तवापासनं पोरगी बिननावाची. सगळी चिमी म्हणतात. आता तिला बालवाडीत घालायची हाय, आन तिथं चिमी चालत न्हाई.

तर ऐका. भोंगा वाजवू नका. बयाबाईंना घेऊन दारात या, लेकीच्या कानात नाव पडू द्या. मग मी पिशवी भरते, आन तुमच्या त्या हत्तीच्या पुढ्यातबी येऊन बसते. ते जमत नसंल तर तुमचं घर डोंगरावर न्या न्हाईतर दरीत घाला, मला कळवू नका.

आबांची लेक,
विजयमाला

*

रहिमतपूर,
ता. २७ नोव्हेंबर १९७५

सयाजीराव,

आज नमस्कारबी न्हाई. रविवारी चहा दिला, त्यातच तो आला समजा.

तुमी आलात, हे मी नाकारत न्हाई. बयाबाईंना आणलंत, हेबी खरं. गाडी चौकात लागली, पोरं गोळा झाली, मी चुलीपुढनं उठून पदर सारखा केला. मला वाटलं, आलं बाई एकदाचं माणसात. चिमी सगळ्यांच्या पुढं पळाली. तुमी खाली उतरलात, तिच्या गालाला हात लावलात आन विचारलंत, "कुणाची गं तू?"

मी दारातनं ऐकलं. अवो, तुमचं नाक हाय तिच्या तोंडावर! अख्खी आळी वळखती.

"आईची," म्हणाली ती. तुमी हसलात. "मग आईला सांग, पावनं आल्यात."

तेबी मी गिळलं. पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. मग बयाबाईंनी पिशवी उघडली. त्यातनं काढलं काय, तर अंगडं आन टोपडं. तान्ह्या बाळाचं! ते टोपडं चिमीच्या मुठीलासुद्धा घट्ट झालं असतं. बयाबाई ते हातात धरून पाळणा कुठं हाय म्हणून बघत बसल्या, आन पोरगी त्यांच्या समोर उभी. बारशाला जायचं म्हणजे अंगडं-टोपडं न्यायचं, एवढं तुमच्या घरात ठाऊक. पण पोर तवर वाढत असंल, हे काय कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. आबा उठून मागं परड्यात गेले.

तवाबी मी थांबले असते. बयाबाईंचा चेहरा बघून मला थोडी कीवच आली. पण तुमी घड्याळ बघितलंत. म्हणालात, "आक्का, आटप लवकर. खंबाटकी उजेडात चढायची हाय."

तुमाला दोघांनाबी मी तवाच दार दाखवलं, ते टोपड्यावरनं, असं तुमाला वाटत असंल. न्हाई. ज्या नावासाठी आमी एवढी वर्षं दाराकडं बघितलं, ते तुमाला कपातला चहा संपायच्या आत उरकायचं व्हतं. वाटेत डिझेल घ्यायला थांबतात, तसं थांबला व्हतात तुमी. माझ्या लेकीला असला बाप नको, आन मला असला नवरा नको.

गाडी गेल्यावर मी लय रडले. दया यावी म्हणून लिहीत न्हाई, ठाऊक असावं म्हणून लिहिते.

सोमवारी तिला न्हाऊ घातलं, मांडीवर घेतली, आन आत्या नसताना मीच तिच्या कानात कुर्र केलं. आई "अगं, असं कुठं असतं का?" म्हणत राहिली. म्हटलं, आजपासनं असतं. बालवाडीत बाईंनी विचारलं, तर पोरीनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं, खणखणीत.

ते नाव मी तुमाला कळवणार न्हाई. तुमचं डोंगर बघून झालं, वाघ-हत्ती बघून झालं, की वाटलं तर एकदा या. गाडी लांब ठेवा आन चालत या. ती दारात खेळत असंल. तिला कुणाची म्हणून विचारू नका, नाव विचारा. सांगायचं का न्हाई, ते तिचं ती ठरवील.

तिची आई,
विजयमाला