सिद्रामप्पाचं वीजबिल

४ एप्रिल
शेजारच्या सिद्रामप्पाचं वीजबिल चुकून आमच्या दारात पडलं. बघितलं. उघडंच होतं, डोळे मिटून थोडंच परत करता येतं? दोनशे दहा रुपये! आमचं तीन हजार नऊशे. भिंतीला भिंत लागून घर. तिकडे तो आणि चंद्रव्वा, इकडे मी आणि धनलक्ष्मी. पतसंस्थेत जन्मभर ऑडिट केलं. एवढा फरक म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. शोधून काढणार.

५ एप्रिल, दुपारी
सिद्रामप्पा आणि चंद्रव्वा जेवण उरकून नेहमीसारखे आमच्या हॉलमध्ये. मी सहज म्हणून विषय काढला. म्हणाला, "काय न्हाय ओ साहेब, लागंल तेवढीच वापरायची." आणि आमच्या बोर्डावर दोघांचे मोबाईल चार्जिंगला लावून आरामखुर्चीत झोपला. पक्का माणूस. रोज पाच तास समोर बसतो, पण पत्ता लागू देत नाही.

८ एप्रिल
कॉलनीची नोटीस. मे महिन्यात सगळ्यात कमी बिल येईल त्या कुटुंबाचा सत्कार, शिवाय गेटवर वर्षभर नावाची पाटी. म्हणजे रोज दूध आणायला जाताना मी 'सिद्रामप्पा' वाचायचं? शक्य नाही. पाटी आपलीच. अक्षर कुठलं घ्यायचं तेही ठरवलं.

११ एप्रिल
धनलक्ष्मी म्हणाली, "अहो, त्यांच्या घराला दुपारभर कुलूप असतं, बघितलंय का कधी?" सापडलं! बंद घरात ऊन शिरत नाही. साधी गोष्ट. उद्यापासून आपलंही घर दुपारी बंद. ती अजून काहीतरी सांगत होती. मुद्दा कळल्यावर मी ऐकत बसत नाही.

१२ एप्रिल
जेवणं झाल्यावर कुलूप लावून पायऱ्यांवर बसलो. सिद्रामप्पा आणि चंद्रव्वा आले, तेही बसले. त्याने दोनदा विचारलं, "साहेब, किल्ली हरवली का?" चंद्रव्वाला गरगरायला लागलं. उघडावं लागलं. मग सगळे गार होईपर्यंत एसी अठरावर. पद्धत बरोबर होती. माणसं नाजूक निघाली.

२० एप्रिल
मोठा निर्णय. कमी वीज खाणारे पंखे, फाइव्ह स्टार एसी, खिडक्यांच्या काचांना फिल्म, गच्चीला पांढरा रंग. दुकानदाराने कागदावर बचत काढून दाखवली. बघतच राहावं अशी बचत. एफडी मोडली. ती धनलक्ष्मीच्या पाटल्यांसाठी ठेवली होती, हे खरं. पण बचतीतून दोनाच्या चार पाटल्या होतील. तिला सांगितलं. ती उठून आत गेली. हरकत नाही असं धरलं.

२८ एप्रिल
काम पूर्ण. बाहेर फुफाटा आणि घर माठासारखं गार. सिद्रामप्पाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लई भारी केलासा साहेब! आता दुपारची वाट कशाला बघायची? नाष्टा करूनच येतो." जळला. वरवर हसत होता, पण मला कळतं.

६ मे
सिद्रामप्पाकडे अकलूजहून पुतण्या, त्याची बायको आणि पोरं आली. गाद्या आमच्या हॉलमध्ये पडल्या, कारण त्यांच्याकडे उकडतं. रात्रभर एसी. चंद्रव्वाने पाहुण्यांना द्यायला शेंगाचटणी केली, आमच्याच मिक्सरवर. बिल वाचवायचं म्हणून पाहुण्यांना दुसऱ्याच्या घरी झोपवतो हा! मला नाही जमायचं. पाहुणा आला की माझा हात सढळ होतो. धनलक्ष्मी म्हणाली, "बिल येऊ दे, मग बघू हात."

१९ मे
प्रत्यक्ष तपासणी. त्याच्या घरात मांजर ओरडतंय अशी थाप मारून किल्ली मागितली. खुर्चीतून न उठता दिली. आत गेलो. फ्रिज बंद, दार सताड उघडं, आत चादरींच्या घड्या. (त्यांचं दूध आमच्या फ्रिजमध्ये असतं.) पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म. घामाघूम होऊन परत आलो आणि विचारलं. एक डोळा उघडून म्हणाला, "तो व्हय? दोन उन्हाळं झालं बंद पडून. तुमच्याकडंच असतो की आमी. कशाला दुरुस्त करायचा?"
धनलक्ष्मी माझ्याकडे बघत होती. मी पेपर वाचत होतो. उलटा धरला होता, असं तिचं म्हणणं.

२० मे
आज स्पष्ट सांगणार होतो. "अप्पा, आपापल्या घरी बसत जाऊ." वाक्य पाठ होतं. तेवढ्यात चंद्रव्वाने कडक भाकरी आणि वर तेल-चटणी पुढे केली. तोंडात भाकरी असताना असं बोलता येत नाही. उद्या.

२१ मे
सिद्रामप्पाला जरा कणकण आहे. आजारी माणसाला काय बोलायचं? एसी सव्वीसवर ठेवला. ही बचतच.

५ जून
बिलं आली. सिद्रामप्पा एकशे चाळीस. आम्ही पाच हजार सहाशे. कॉलनीत सर्वाधिक.
सत्कार आमच्याच हॉलमध्ये झाला. कॉलनीत सगळ्यात गार हॉल हाच, असं कमिटीत एकमताने ठरलं. सिद्रामप्पाला शाल, चंद्रव्वाला खण-नारळ. तो बोलायला उठला. "ह्यात माझं काय न्हाय. समदं साहेबांचं हाय." टाळ्या पडल्या. माणसाचा मोठेपणा, असं कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. मीही वाजवल्या.
धनलक्ष्मी चहा देत फिरत होती. कपबशा पुढे करताना हात लांब होतात. हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या. सत्कारमूर्तींना कप देताना माझ्याकडे एकदा बघितलं.
मग सिद्रामप्पा शाल सावरत माझ्या कानाशी आला. "साहेब, मानसं लई झालीत. जरा बावीसवर घ्या की."
रिमोट सापडेना. शालीखाली निघाला. मीच उठून एसी बावीसवर घेतला.