बोगुमिवाच्या बारशाआधी

आप्पा, सकाळपासनं माझा एका जागी पाय ठरत न्हाई. उद्या नातीचं बारसं हाय. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेत, पाळणा धुवून उन्हात ठेवलाय, आन् मी आपली घरात-दारात करतीय. तुमचा धाकटा नातू कुरकुंभच्या औषध कंपनीतनं पोलंड देशात गेला आन् तिथलीच बायको करून घेतली, हे सगळं तुमच्या माघारी झालं. सून लई गुणाची. जेवायला मांडी घालून बसती, तिखटाला भीत न्हाई, मला आई म्हणती. लेक चार महिन्यांची झाली तशी बारशाला घेऊन आलेत. सुनेनं नाव काढलंय बोगुमिवा. तिच्या आजीचं. त्या आजीनंच तिला वाढवली.

मी म्हणलं, अर्थ तरी काय? पोरानं सांगितलं, बोगु म्हंजी देवाला आन् मिवा म्हंजी लाडकी. देवाची लाडकी. त्यांच्याच मातीतलं जुनं नाव हाय, बाहेरनं आलेलं न्हाई. तिथला कुणी शिकलेला माणूस त्याला म्हणला, त्यांचा बोग आन् आपल्या भगवानातला भग एकाच कुळातले. असंल बाई. मी इचारलं, तिकडं समद्या पोरींची अशीच नावं का? तर सून हसायलाच लागली. आजी तरणी होती तवा हे नाव असायचं, आता बाजारात हाक मारली तर म्हाताऱ्याच वळून बघत्यात. मैत्रिणी तिला म्हणल्या, एवढ्याशा जिवाला आजीबाईचं नाव कशाला? मी म्हणलं, आमच्याकडं तरी आता भागीरथी कोण ठेवतंय.

पण आत्या रुसली. आत्या म्हंजी माझी थोरली, केडगावला दिलेली. तिनं मोबाईलवर शोधशोधून एक नाव ठरवलं होतं. फोनवर म्हणली, "नाव ठेवायचा मान आत्याचा. तुमचं तुम्हीच ठरवलंय तर मी काय नुसत्या घुगऱ्या खायला येऊ?" पोरगा म्हणला, "अक्का, तुझं नाव आपण हाक मारायला ठेवू की." "व्हय, माझं घरात आन् हिचं जगात," म्हणली आन् फोन ठेवला. आता तिच्याबिगर बाळाच्या कानात नाव कोण सांगणार?

सुनेला कुणी भाषांतर करून सांगितलं न्हाई, तरी तिला उमगलं. खाली बघून म्हणली, "आई, दुसरं नाव चालेल." तवा तुम्ही आठवलात. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं आन् तुम्ही ठेवलेलं तिथंच संपलं. तुम्ही दौंडच्या रेल्वेतनं रजा काढून पहिल्यांदा भेटायला आलात. अंगणात उभं राहून जुन्या नावानं हाक मारताय. सासूबाई चुलीपुढनंच म्हणत्यात, "पाव्हणं, त्या नावाचं आमच्यात कुणी न्हाई." तुम्ही हसल्यासारखं करता, पेरूची पिशवी माझ्या हातात देता. पुढं नुसतं पोरी म्हणायचात. मला ते लई लागायचं.

म्हणून मी थोरलीला परत फोन लावला. म्हणलं, "हे बघ, नाव सुनेच्या आजीचंच राहील. पण बारशाआधी नावानं हाक मारायची न्हाई, हे मी दोघांना ते तिकडं असतानाच फोनवर बजावलंय. बाळच म्हणत्यात तिला. पोरीच्या कानात ते नाव पहिल्यांदा तुझ्याच तोंडून पडंल." थोरली म्हणली, "म्हणायचं कसं ते तरी सांगा." सून फोनवर सावकाश शिकवत बसली, आन् ही तिकडनं शाळेतल्यासारखी घोकतीय. उद्या सकाळीच येतीय.

आता तुम्हाला एक सांगते. मघाशी सून न्हायला गेली, पोरगा पाळण्याला दोरी आणायला तळेगावात. बाळ माझ्या मांडीवर, टुकूटुकू बघतंय. मला राहवलं न्हाई. कानाशी वाकले आन् नाव घेतलं. नीट जमलं, आप्पा. पोरगी गालात हसली. थोरलीला कळलं तर ती पाळण्याला हात लावायची न्हाई. तुम्हाला सांगितलेलं बाहेर जात न्हाई, म्हणून लिहिलं. ती यायच्या आत हा कागद बंबात घालते.

आन् खरं सांगायचं तर दोनदा घेतलं.