कबरस्तानाचा गडगा

मी, आनंदीबाई सहदेव तांडेल, वय त्रेसष्ट, पूर्वी ख्रिस्ती मंडळीची, येशूची शुभवार्ता सांगणारी सुवार्तिका, राहणार मालवण, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. राग आलेला आहे, पण तोही शुद्धीतच.

१. राहते घर व आतले सामान भाची विमला हिला द्यावे. वाजवायची पेटीही तिलाच. मंडळीला देऊ नये, तिथे मंडळीचे कारभारी दाजी गातात.

२. कबरस्तानाला लागून असलेली माझी सहा माडांची जागा मंडळीला देते, पण अटीवर. अटीचे कारण असे.

माझे पती सहदेव तीस वर्षे मला होडीतून गावोगाव सुवार्तेला नेत. मी सांगायची, ते मागे बसून ऐकायचे. बाप्तिस्म्यासाठी ते तीनदा मंडळीच्या वडिलांपुढे, म्हणजे कारभाऱ्यांपुढे, उभे राहिले. तिथे विचारायची रीत आहे, “जग घडण्याआधी देवाने तुम्हाला तारणासाठी निवडले, याची खात्री आहे का?” सगळे होय म्हणतात. दाजी तर प्रश्न संपायच्या आत म्हणाले, आणि वर्षभरात स्वतःच वडील झाले. सहदेव म्हणाले, “देवान माका निवडल्यान काय नाय, ता देवाक म्हायत. मी त्येका सोडूचंय नाय, येवढाच माका म्हायत.” तिन्ही वेळा ‘पुढे बघू’ झाले.

चौथ्या खेपेआधी त्यांनी मला विचारले, “गो, खोटा सांगू काय?” मी नको म्हटले. जळला मेला माझा खरेपणा! त्याच आठवड्यात तापाने ते गेले. बाप्तिस्मा नाही म्हणून कबरस्तानात जागा मिळाली नाही. गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, माझ्याच माडाखाली त्यांना पुरले.

निवड फक्त देवाला ठाऊक, हे मी मंडळीच्या पोरांकडून घोकून घेतले. मग देवाची यादी दाजींच्या हाती कधी आली?

३. अट: मधला गडगा पाडून दोन्ही जागा एक कराव्यात. वर्षाच्या आत न पाडल्यास जागा विमलाची.

४. मला सहदेवांच्या शेजारीच पुरावे. दाजी म्हणतील, बाईंची निवड पक्की, त्यांना आत घ्या. घेऊ नये. माझी निवड झाली असेल तर देव मला बाहेरूनही शोधून काढील. आणि सहदेवांना टाकून एकटीलाच निवडले असेल, तर ती निवड मला नको. हे वाक्य वकील गाळा म्हणाले. मी गाळलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: आनंदीबाई सहदेव तांडेल
साक्षीदार: १. सत्यवती मेस्त (डाव्या हाताचा अंगठा) २. विठोबा खोबरेकर
मालवण, जिल्हा रत्नागिरी, १४ ऑक्टोबर १९६१