चहाच्या कपाखालचा इशारा

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतोच आहे, पण ते गाऱ्हाणं दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं की तिला जरा हलकं वाटतं. तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं, हा भाग तिने मला दोनदा वाचायला लावला. त्याच्या पुढचं मी तिला वाचून दाखवलं नाही.

चौकशी होईपर्यंत आपण फोनवर बोलायचं नाही, असं तुझ्या वकिलांनी बजावलंय म्हणे. आणि तू मनातलं सगळं कागदावर उतरवून, खाली सही ठोकून पाठवून दिलंस! त्यांना कळलं तर ते कपाळावर हात मारून घेतील. कॅप्टन झालास, पण अक्कल यायची ती राहूनच गेली.

आमच्या ऑफिसात सध्या नुसती धांदल आहे. जहाजांना इशारे पाठवायची पद्धत बदलते आहे. इतकी वर्षं आम्ही किनाऱ्यावरच्या रेडिओवरून पाठवत होतो. आता उपग्रहावरूनही पाठवायचे, म्हणजे भर समुद्रात असलेल्यांनाही ते मिळतील. काही महिने जुनं आणि नवं दोन्ही बरोबरीने चालवायचं आहे. जुनं यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं, नवं इतकं गप्प की चालू आहे की रुसलंय तेच समजत नाही. ते बसवणारा तंत्रज्ञ सारखा येऊन "ताई, त्या बटणाला हात नका लावू हं" म्हणून जातो. मी हात लावते आणि मग त्यालाच हाक मारते. बिचारा कामसू आहे. त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही.

माझं काम मात्र तेच. कुठे दीपस्तंभाचा दिवा बंद आहे, कुठे गाळ साचलाय, कुठे कुणाची होडी बेपत्ता आहे, ते मोजक्या शब्दांत लिहायचं आणि धोका टळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. समुद्रतळाची मोजणी परवा संपली आणि मी एक नवा इशारा लिहिला. तुझ्या जहाजाचाच. बुडालेला सांगाडा कुठे आहे आणि त्यापासून किती लांब राहायचं, एवढंच. असे सांगाड्यांचे इशारे मी कितीतरी लिहिले असतील, या वेळी मात्र एक ओळ लिहायला अख्खी सकाळ गेली.

पत्राच्या शेवटी तू जे मागितलं आहेस, त्याबद्दल सवडीने लिहिते. जेवण वेळेवर घे. उजव्या हाताने जड उचलू नकोस.

तुझी ताई

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र आलं. "ताई, तू काहीच कसं लिहीत नाहीस?" असं विचारलं आहेस. लिहायला बसले की आईचा गुडघा आडवा येतो, दुसरं काय.

आज अप्पांची बायको ऑफिसात आली होती.

तुझ्या तोंडून अप्पांबद्दल इतकं ऐकलं होतं की मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं असं वाटतच नाही. तुझे सगळे खलाशी ज्यांच्या हाताखाली तयार झाले, तू शिकाऊ असताना ज्यांनी तुला गाठी मारायला शिकवल्या आणि पुढे तुलाच "साहेब" म्हणताना ज्यांना हसू यायचं, ते अप्पा. जहाज खडकावर चढलं तेव्हा होडी खाली सोडायला ते वर थांबले आणि होडीतले तुम्ही सगळे वाचलात. ते जहाजाबरोबर गेले.

बाई बारीक चणीच्या आहेत. खुर्चीत मागे टेकल्या नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की समुद्रातले इशारे या इमारतीतून जातात. "मला एक दाखवाल का?" म्हणाल्या, "कसा असतो तो?"

मी तुझी बहीण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याही घरचंच की."

जहाज बुडालं त्या दिवसाचाच इशारा मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बोट ठेवत, मोठ्याने वाचला. "या पट्ट्यात उपग्रहावरून मिळणारं जहाजाचं स्थान खोटं दिसू शकतं. केवळ पडद्यावर विसंबू नये. रडार आणि किनाऱ्याच्या खुणा यांच्याशी ताडून पाहावं. खडकांपासून दूर राहावं." तेवढ्यात त्यांचं वाचून संपलंसुद्धा.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"मग हे जहाजावर पोचलं नाही का हो? आमच्या ह्यांना कुणी सांगितलं असतं तर ते पुढे जाऊन डोळ्यांनी बघत उभे राहिले असते. त्यांचा त्या पडद्यावर कधी भरवसा नव्हता."

मी म्हटलं, चौकशीत सगळं समोर येईल. सरकारी माणसाला शोभेल असं उत्तर दिलं. त्यांनी चहा घेतला नाही. जिन्यापर्यंत सोडायला गेले तर म्हणाल्या, "तुमच्या भावाचा हात कसा आहे?"

धाकट्या, त्या क्षणी मला तुझा राग आला. असा राग तुझा कधी आला नव्हता.

आज एवढंच लिहवतं.

ताई

१३ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तुझी बायको आईला बघायला आली आहे, तिच्या हाती देते आहे. चौकशी सोमवारी आहे, आता सवडीची भाषा पुरे.

तू मला लिहिलंस, "एवढंच म्हण, की त्या दिवशी नव्या-जुन्या यंत्रांचा घोळ चालू होता, इशारा नीट गेला की नाही ते सांगता येत नाही." वकिलांनी सुचवलं असेल. युक्ती चांगली आहे. नवं यंत्र त्या दुपारी खरंच अडलं होतं. तुझ्या जहाजावरचं यंत्र समुद्राच्या तळाशी आहे. कुणाला काही सिद्ध करता येणार नाही. तुझा परवाना वाचेल, माझ्या अंगाला काही लागणार नाही.

पण इशारा जुन्या रेडिओवरून गेला होता. आणि तुला मिळाला होता. दवाखान्यात पहिल्या दिवशी माझा हात धरून तूच मला सांगितलंस. "ताई, तुझा कागद आला होता गं. यंत्रातून बाहेर आला, वर तुमच्या केंद्राचं नाव दिसलं आणि मी हसून म्हटलं, ताईचं पुराण सुरू झालं. त्याच्यावर चहाचा कप ठेवला." तू ढसाढसा रडत होतास. नर्सने मला बाहेर काढलं.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी तुला लहानपणापासून सतराशे साठ सूचना देत आले. पायऱ्या जपून उतर, ओल्या हाताने बटण दाबू नको, निघालास की कळव. तू "हो गं बाई" म्हणून पसार व्हायचास. तसाच हाही इशारा तुला माझी कटकट वाटला. दुसऱ्या कुणी लिहिलेला असता तर तू वाचला असतास. कितीतरी जहाजं त्या दिवशी तिथून गेली, त्यांच्यासाठी तो इशारा होता. एकट्या तुझ्यासाठी ती ताई होती. मी ऑफिसात बसून खूप विचार केला, यात माझं काय चुकलं. काही सापडलं नाही, तरी दुखतंच.

तुझं ऐकलं तर काय होईल ते बघ. ठपका नव्या यंत्रावर आणि ते बसवणाऱ्यावर येईल. तो पोरगेलासा माणूस घरी बसेल. यंत्र बदला, तारा बदला, असा अहवाल निघेल. आणि त्या पट्ट्यात पडदा अजूनही खोटं दाखवतो, रे. पुढचा कॅप्टन पडद्याकडे बघत, कागदावर कप ठेवून जाईल. त्याच्याही जहाजावर कुणी अप्पा असतील.

मला विचारतील, इशारा गेला होता का. मी हो म्हणेन. तेवढ्यावर थांबता येईल, पोचला होता का हे मला कुणी विचारणारही नाही. पण मी थांबणार नाही. तू दवाखान्यात जे बोललास तेही सांगेन. अप्पांच्या बायकोसमोर मला अर्धं बोलता येणार नाही.

काल आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पलंगाची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, जहाज गेलं तर जाऊ दे. घर कुठे जात नाही." आणि मग रडली. मीही रडले. आमचं दोघींचं तुझ्यावर काही कमी झालेलं नाही, हे तुला वेगळं सांगायला हवं का?

सोमवारी आधी तुला बोलावतील आणि नंतर मला. मधे चहाची सुट्टी असेल. त्या बाई समोरच बसलेल्या असतील. त्यांना हे माझ्या तोंडून कळलं तर तू कायम तो माणूस राहशील ज्याच्या बहिणीला सांगावं लागलं. अप्पा गेले ते तुला होडीत बसवून. निदान त्यांच्या बायकोला त्यांच्या कॅप्टनने स्वतः सांगू दे.

मी तुला वाचवू शकत नाही. तुझ्या आधी बोलायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

तू आधी बोल, धाकट्या.

तुझ्या मागोमाग उभी राहणारी,
ताई