मागाऐवजी शिलाई मशीन

मंगळवार, संध्याकाळ

शिलाई मशीन देणार म्हणे. अजून डोकं शांत होत नाही. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात आज सुमनच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, फारकतीची बैठक होती. वेगळं व्हायला दोघंही तयार आहेत. तिनं फक्त वडगावच्या घरातल्या साड्या विणायच्या दोन मागांपैकी एक मागितला. बारा वर्षं चालवलाय तिनं.

"बाईमाणसाला माग कशाला?" तिचा दीर म्हणाला. "घरकाम करत हुती ती. शिलाई मशीन देतो की."

मध्यस्थ बाईंनाही ते पटलं. घरबसल्या काम होईल, म्हणाल्या. शिलाई मशीन! सुमनला साधं बटण लावता येत नाही. तिला कुणी विचारलं? आणि मी तरी का गप्प बसले?

बाहेर व्हरांड्यात सुमनचा नवरा हळूच तिच्याजवळ आला. "सुमे, कालपासनं दोन नंबरच्या मागावर काठाचं धागं सारखं तुटायल्यात. काय करू गं?"

आणि तिनं सांगितलं. हातानं दाखवूनसुद्धा.

रिक्षात मी तिच्यावरच चिडले. "कशाला सांगितलंस?"

"साडी अर्धी झालीया, आक्का. नासली असती की."

व्हरांड्यात नवऱ्यानं तिला काय विचारलं, हे पुढच्या बैठकीत मी मध्यस्थ बाईंना सांगणार आहे. सुमन नको म्हणाली तरी.