गाळलेल्या बाटल्यांचा खुलासा

अल रीम आयलंड, अबू धाबी
शुक्रवार

तीर्थरूप मामांस, इथूनच निफाडच्या दिशेने डोकं टेकवून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? छाटणी आटोपून घड औषधात बुडवायचं डिपिंग सुरू असेल, तरी वेळ काढून वाचावं. (व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतोय. पानांना नंबर घातलेत, क्रमानेच वाचावीत.) मी खुशाल आहे, म्हणजे तब्येतीने. सोमवारी दुपारी बारापर्यंत माझा लेखी खुलासा ऑफिसला पटला नाही, तर तितक्याच चांगल्या तब्येतीने कायमचा घरी येईन.

झालं ते असं. आमच्या हॉटेलात वाइनच्या बाटल्यांची थंड खोली माझ्याकडे आहे (आईला मी ज्यूस विभाग सांगितलंय, आणि ज्यूस असतोच त्यात). आमच्या मॅनेजर मंजुषा मॅडम, पुण्याच्या, यांनी पोर्तुगालच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची वाइन मागवली आणि बुधवारच्या खास जेवणाला त्यांनाही बोलावलं. नाव जुआकीम. मामा, या आजोबांचं कौतुक कशाचं, तर ते काही करत नाहीत. वेली नव्वद वर्षांच्या (तुम्ही पंधराव्या वर्षी बाग काढून टाकता). एकाच रानात तिथल्याच दहा-बारा जातींची खिचडी, कुठली वेल कुठल्या जातीची हे त्यांनाही धड सांगता येत नाही. द्राक्षं सालीसकट मातीच्या रांजणात टाकायची. विकतचं यीस्ट नाही, औषध नाही, गाळणं नाही. सालं वर आली की लाकडाने खाली ढकलायची आणि नोव्हेंबरपर्यंत वाट बघायची. याला इकडे लो-इंटरव्हेन्शन म्हणतात आणि बाटलीला चारशे दिरहम, म्हणजे साडेनऊ हजार रुपये लावतात. मी एक दिवस काही केलं नव्हतं, तर मला पहिली वॉर्निंग मिळाली होती.

बुधवारी दुपारी मॅडम म्हणाल्या, बारा बाटल्या उघडून उभ्या ठेव, बाकी काही करू नकोस. मी उघडल्या. रंग गढूळ पिवळा, तळाशी गाळ, एकीत तर सालीचा तुकडा. मामा, तुमच्या पॅकहाउसमध्ये मी तीन सीझन कात्री चालवली आहे. एक मणी डागी निघाला तर अख्खा क्रेट बाजूला, हे तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं, प्रवासात माल बिघडला आणि आता पाहुण्यांसमोर मॅडमची अब्रू जाणार. मी खोलीवर धावत गेलो, आईने चक्का बांधायला दिलेलं कोरं मलमल आणलं, उकळलं, आणि सगळी वाइन दोनदा गाळली. बाटल्या गरम पाण्याने धुऊन, निथळून परत भरल्या. बाराच्या अकरा झाल्या. गाळही फेकला नाही. रिजेक्ट मालाची नोंद लागते म्हणून बरणीत भरून तारीख घातली. एवढं कोण करतं, मामा?

जेवणाच्या वेळी आजोबांनी पेला दिव्यासमोर धरला आणि नातवाचं जावळ कुणीतरी परस्पर काढून आणावं तसे त्याकडे बघत राहिले. मॅडमनी मला आत ओढलं. "विजयकुमार, अरे अनफिल्टर्ड असणं हाच तिचा पॉइंट आहे."

"मग तसं बाटलीवर लिहायला हवं, मॅडम."

"लिहिलंय."

बघतो तर खरंच लिहिलेलं. पोर्तुगीजमध्ये. (मला अकरावीपर्यंत पोर्तुगीज नव्हतं.) आमचा शेफ हमदुल्ला कांदा चिरता चिरता म्हणाला, "खलास, भाई. तेरा टिकट आ गया."

तेवढ्यात आजोबाच किचनमध्ये आले. गाळ कुठे, असं हाताने विचारलं. मी बरणी दिली. त्यांनी तो पावाला लावून खाल्ला, देवाशपथ. मग ती रिकामी राहिलेली बारावी बाटली नाकाशी धरून बराच वेळ हुंगली आणि काहीतरी बोलले. त्यांच्यासोबत आलेल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, की वाइनमध्ये काही घालायचंच नसेल तर भांडं आधी असं धुवावं लागतं. त्यांचं सगळं काम म्हणजे हे धुणंच, आणि त्यांच्या गावात इतकं स्वच्छ कुणी धूत नाही. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. तरी वॉर्निंग लेटरमध्ये हे वाक्य नाही. मी नासधूस केली एवढंच आहे, त्यातही एक स्पेलिंग चुकलेलं. ते पेन्सिलीने दुरुस्त केलं आणि मगच सही केली.

मामींना नमस्कार. रागात लिहिलंय, पण अक्षर वाचता यावं.

तुमचा भाचा,
विजयकुमार

ता.क. पॅकहाउसच्या लेटरहेडवर, 'विजयकुमारने आमच्याकडे तीन सीझन काम केले, डागी माल पुढे जाऊ द्यायचा नाही अशीच त्याला शिकवण आहे' एवढं लिहून, सही-शिक्का मारून रविवारपर्यंत फोटो पाठवावा. कोल्डस्टोरेजचं दार उघडं राहून दोन टन माल गेला होता, ते लिहू नये. दार मी लावलं होतं. लावलंय की नाही हे बघायला परत उघडलं.

आणखी ता.क. काल मॅडमनी पेटीत उरलेली एक बाटली उघडली आणि मला समोर बसवून गाळलेल्या आणि न गाळलेल्या वाइनचा एकेक घोट घ्यायला लावला. गाळलेली स्वच्छ होती. न गाळलेलीला तुमच्या बागेत दिवसभर घड तोडल्यावर बोटांना राहतो तो वास होता. तो पेला मी संपवला. हे खुलाशात लिहिलेलं नाही, तुम्हीही आईला सांगू नये.